क्षयरोग्याला घरात ठेवायचं का? मद्रासने दिलेलं उत्तर

गेल्या पावसाळ्यात एक कुटुंब दवाखान्यात आलं. सासू, सून आणि सासूच्या कडेवर तीन वर्षांचा नातू. सुनेला महिनाभर खोकला, संध्याकाळी कणकण, वजन घटलेलं. बेडक्याच्या तपासणीत क्षयाचे जंतू सापडले होते. मी रिपोर्ट समजावून सांगायला सुरुवात केली, तेवढ्यात सासूबाईंनी मधेच विचारलं, "डॉक्टर, हिला सहा महिने माहेरी पाठवून देऊ का? घरात लेकरू आहे."

सून खाली बघत बसली होती. नंतर कळलं की तिचं ताट, वाटी आणि पेला आदल्या दिवशीच वेगळा झाला होता.

या बाईंना मी दुष्ट म्हणणार नाही. त्यांनी पुढे जे सांगितलं ते ऐकल्यावर तुम्हीही म्हणणार नाही. त्यांच्या आईच्या भावाला क्षय झाला होता. त्याला आधी पडवीत ठेवलं, मग दूरच्या एका सॅनिटोरियममध्ये नेलं. तो परत आला नाही. त्याच्या अंथरूण-पांघरुणासकट सगळं जाळलं. पुढे कितीतरी वर्षं त्या घरात सोयरीक जमवताना हा विषय कुणी काढत नसे. बाईंच्या मनात क्षय म्हणजे हेच चित्र होतं.

हे चित्र कुठून आलं आणि ते कधी जुनं झालं, याचा इतिहास आज सांगतो. तो मोठा रंजक आहे. त्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग आपल्याच देशात घडला, पण तो फारसा कुणाला माहीत नसतो.

जंतू सापडला, औषध नव्हतं

क्षय आपल्याकडे फार जुना. आयुर्वेदात त्याला राजयक्ष्मा म्हणतात. चंद्र रोहिणीवरच जास्त प्रेम करतो म्हणून दक्षाने त्याला क्षयाचा शाप दिला आणि म्हणून चंद्र कलेकलेने झिजतो, ही पुराणातली गोष्ट आपण ऐकलेली असते. माणूस झिजत जातो हे लोकांनी नीट पाहिलं होतं. का झिजतो हे मात्र कळत नव्हतं.

२४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं. (२४ मार्चला जागतिक क्षयरोग दिन पाळतात तो म्हणूनच.) त्याच्या पुढच्याच वर्षी आनंदीबाई जोशी अमेरिकेला वैद्यकी शिकायला निघाल्या. म्हणजे त्या शिकत होत्या तेव्हा क्षयाचं कारण जगाला ठाऊक झालं होतं. मार्च १८८६ मध्ये त्या फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या, कोल्हापूरच्या रुग्णालयात त्यांची नेमणूक ठरली, त्या परत आल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयानेच गेल्या. वयाची बावीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती. ज्या रोगाचा जंतू सूक्ष्मदर्शकाखाली दिसत होता, त्यावर जगातल्या कुठल्याही डॉक्टरकडे एकही गोळी नव्हती.

ही परिस्थिती पुढे साठ वर्षं तशीच राहिली. माझ्या मते क्षयाबद्दलची आपली जवळजवळ सगळी भीती या साठ वर्षांत घडली. हा रोग एकाकडून दुसऱ्याला होतो हे कळलं होतं, पण बरा करता येत नव्हता. अशा वेळी माणसाच्या हातात एकच गोष्ट उरते, ती म्हणजे रोग्याला दूर ठेवणं.

या दूर ठेवण्याची सुधारलेली आवृत्ती म्हणजे सॅनिटोरियम. कल्पना जर्मनीतली, एकोणिसाव्या शतकाच्या मध्याची. डोंगरावरची थंड, कोरडी हवा, अंथरुणावर सक्तीची विश्रांती, दूध, अंडी, लोणी. पुढे हे लोण भारतात आलं. आपल्याकडे पाचगणीला आणि मिरजेजवळ अशी सॅनिटोरियम उभी राहिली, उत्तरेत भोवालीचं नाव मोठं होतं. नंतर शस्त्रक्रियाही आल्या. फुप्फुसाभोवती हवा भरून ते मुद्दाम आकसवायचं, म्हणजे त्याला 'विश्रांती' मिळेल. काही रोग्यांच्या बरगड्या कापून काढत. आज वाचताना अंगावर काटा येतो, पण त्या डॉक्टरांकडे दुसरं काय होतं?

काही जण बरे होत, कारण क्षय काही जणांत आपोआप शांत होतो. बाकीच्यांचं नशीब. कमला नेहरूंना भोवालीला ठेवलं, मग युरोपात नेलं. त्या काळी उपलब्ध होते ते सगळे उपचार झाले, तरी १९३६ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथे त्या गेल्या. जिथे पैसा आणि ओळख दोन्ही होतं तिथे ही गत, तर गिरणगावातल्या खोलीत खोकणाऱ्या कामगाराची काय असेल?

त्याचा हिशेब १९४६ च्या भोर समितीच्या अहवालात आहे. समितीच्या अंदाजाप्रमाणे देशात क्षयाचे सुमारे २५ लाख रुग्ण होते, दरवर्षी ५ लाख माणसं क्षयाने मरत होती आणि क्षयरोग्यांसाठी खाटा होत्या सुमारे ६ हजार. म्हणजे एका खाटेमागे चारशेहून जास्त रोगी. ज्याला खाट मिळाली नाही तो घरातच राहायचा, पडवीत किंवा गोठ्याशेजारी. वेगळं ताट, वेगळं अंथरूण आणि लेकरांना जवळ जाऊ न देणं, हे गरिबाचं सॅनिटोरियम होतं.

औषध आलं, पण ते द्यायचं कुठे?

१९४३ मध्ये अमेरिकेत सेलमन वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत आल्बर्ट शात्झ यांनी मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून स्ट्रेप्टोमायसिन मिळवलं. ते इंजेक्शन. रोगी सुरुवातीला झपाट्याने सुधारत, पण काही महिन्यांत जंतू औषधाला दाद देईनासे होत आणि आजार उलटे. मग पॅस नावाचं दुसरं औषध जोडीला दिल्यावर हे टळतं असं दिसलं. १९५२ मध्ये आयसोनियाझिड आलं. ही पोटात घेण्याची गोळी होती, जोरदार होती आणि स्वस्तही होती. क्षयाच्या इतिहासात मला सगळ्यात मोठा शब्द हाच वाटतो, स्वस्त.

आता प्रश्न असा होता. श्रीमंत देशांत ही औषधंसुद्धा सॅनिटोरियममध्ये ठेवूनच देत होते. वर्ष-वर्ष विश्रांती आणि खुराक सोबत असायचाच. डॉक्टरांचा पक्का समज होता की नुसत्या गोळ्यांनी काही होत नाही. मग भारताने काय करायचं? लाखो खाटा बांधायच्या? तेवढे पैसे नव्हते, डॉक्टर नव्हते, परिचारिका नव्हत्या. पण रोग्याला घरी ठेवून गोळ्या दिल्या तर चालेल का? आणि त्याच्या घरच्यांचं काय? दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं, त्यात एक खोकणारा.

याचं उत्तर मतांवर सोडायचं नाही, प्रयोग करून बघायचं, असं ठरलं. १९५६ मध्ये मद्रासच्या चेतपेट भागात एक केंद्र सुरू झालं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद यांनी मिळून ते चालवलं. सुरुवातीला प्रमुख होते ब्रिटिश डॉक्टर वॉलेस फॉक्स, कामाला बहुसंख्य भारतीय डॉक्टर, परिचारिका आणि घरोघरी जाणारे आरोग्यसेवक.

शहरातल्या गरीब वस्त्यांमधले १९३ रुग्ण घेतले. सगळ्यांच्या बेडक्यात जंतू होते, पुष्कळांची फुप्फुसं चांगलीच पोखरलेली. चिठ्ठी टाकावी तशा पद्धतीने त्यांचे दोन गट केले, म्हणजे बरा दिसणारा एका गटात आणि गंभीर दुसऱ्या गटात असा पक्षपात होऊ नये. एक गट वर्षभर सॅनिटोरियममध्ये गेला. दुसरा घरी राहिला. दोघांना औषधं तीच, आयसोनियाझिड आणि पॅस, रोज, वर्षभर.

सॅनिटोरियमवाल्यांना खाट, विश्रांती, हवेशीर वॉर्ड आणि भरपूर आहार मिळाला. घरवाले आठवड्यातून एकदा केंद्रावर येऊन औषध घेऊन जात. बाकी त्यांचं आयुष्य होतं तसंच. तीच कोंदट खोली, तोच अपुरा भात, बायकांना तेच पाणी भरणं आणि स्वयंपाक. औषध खरंच पोटात जातं का हे बघायला आरोग्यसेवक न सांगता घरी जात, उरलेल्या गोळ्या मोजत, लघवी तपासत.

वर्ष संपलं. सॅनिटोरियममधल्या ९२ टक्के रुग्णांचा आजार शांत झाला होता आणि घरच्यांपैकी ८६ टक्क्यांचा. एवढ्या लहान गटांत हा फरक योगायोगाचाही असू शकतो. पुढे पाच वर्षं या सगळ्यांवर लक्ष ठेवलं, तेव्हा दोन्ही गट जवळपास सारखेच निघाले. सॅनिटोरियमवाल्यांचं वजन जास्त वाढलं होतं हे खरं, पण जंतू दोन्हीकडे सारखेच मेले. औषध नियमित पोटात गेलं तर रोगी डोंगरावर झोपतो की चाळीत, याने फारसं बिघडत नव्हतं.

आणखी एक गोष्ट घडली. सॅनिटोरियममध्ये सगळं फुकट आणि चांगलं असूनही तिथले काही रुग्ण उपचार अर्धवट टाकून निघून गेले. घरच्या गटात असं सोडून जाणं कमी होतं. मला यात नवल वाटत नाही. घरात कमावणारा एकच असेल किंवा तान्हं मूल मागे ठेवून आलेली आई असेल, तर वर्षभर खाटेवर पडून अंडी खाणं म्हणजे सुख नव्हे.

आणि घरच्यांचं काय झालं?

सासूबाईंचा प्रश्न हाच होता, आणि मद्रासच्या डॉक्टरांचाही. घरी उपचार घेणाऱ्यांच्या कुटुंबात क्षय जास्त पसरला असता, तर हा सगळा प्रयोग फसला असता.

त्यांनी दोन्ही गटांच्या घरातल्या माणसांच्या पुन्हा पुन्हा तपासण्या केल्या, त्याही पाच वर्षं. रोगी ज्या घरात राहिला तिथे आणि ज्या घरातून तो सॅनिटोरियममध्ये गेला तिथे, नव्याने क्षय होणाऱ्यांच्या प्रमाणात मोठा फरक आढळला नाही.

हे कसं शक्य आहे? कारण रोगी सगळ्यात जास्त संसर्ग पसरवतो तो निदान होण्याआधी. महिनोन् महिने तो खोकत असतो, 'सर्दीचा खोकला आहे' म्हणून सिरप पीत असतो आणि सगळ्यांबरोबर एकाच खोलीत झोपत असतो. घरच्यांना जो जंतू लागायचा तो बहुतेक तेव्हाच लागून गेलेला असतो. औषध सुरू झालं की बेडक्यातले जंतू भराभर कमी होतात. म्हणजे ज्या दिवशी आपण रोग्याला घाबरून दूर करतो, त्या दिवसापासून तो रोज कमी धोक्याचा होत जातो.

पहिला निष्कर्ष १९५९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगभर खळबळ झाली. बऱ्याच जणांना तो पटला नाही. पण हळूहळू श्रीमंत देशांतली सॅनिटोरियमसुद्धा रिकामी होत गेली. स्वित्झर्लंडमधल्या दावोसला तर काहींची हॉटेलं झाली. मद्रासच्या वस्त्यांमधल्या १९३ माणसांनी हे केलं, असं म्हटलं तर ती अतिशयोक्ती होईल, कारण औषधंच तशी प्रभावी होती. पण 'घरी चालतं' हा पुरावा त्यांचा. १९६२ मध्ये भारताने राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम सुरू केला तो याच पायावर, म्हणजे रोगी घरी आणि औषध जवळच्या सरकारी दवाखान्यात.

इथे एक कटू गोष्ट सांगायला हवी. त्याच सुमारास कर्नाटकातल्या तुमकूर जिल्ह्यात डॉ. डी. बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी एक पाहणी केली. खेड्यातले लोक अडाणी असतात, खोकला अंगावर काढतात, असा डॉक्टरांचा समज होता. पाहणीत दिसलं ते वेगळंच. क्षय असलेल्यांपैकी बहुतेकांना आपल्याला काहीतरी झालंय हे कळत होतं आणि सुमारे निम्मे जण आधीच सरकारी दवाखान्यात जाऊन आले होते. तिथे त्यांना खोकल्याचं औषध देऊन परत पाठवलं होतं. बेडका तपासलाच नव्हता. साठ वर्षांपूर्वीचं हे निरीक्षण वाचताना मला आजही शरम वाटते, कारण माझ्याकडे येणाऱ्या क्षयाच्या रुग्णांच्या पिशवीत अजूनही सिरपच्या दोन-तीन बाटल्या असतात.

घरच्या उपचाराची दुसरी अडचण मद्रासच्या केंद्राला लवकरच कळली. दोन-तीन महिन्यांत ताप जातो, भूक लागते, वजन वाढतं, आणि रोगी गोळ्या बंद करतो. आजार शांत झालेला असतो, संपलेला नसतो. अशाने जंतू औषधांना निर्ढावतात. म्हणून तिथेच पुढचे प्रयोग झाले, त्यात रोगी कुणाच्या तरी देखत औषध घेई. पुढे जगभर 'डॉट्स' म्हणून गाजलेल्या पद्धतीचं एक मूळ इथे आहे. रिफाम्पिसिन आल्यावर उपचाराचा काळ सहा महिन्यांवर आला. चेतपेटचं ते केंद्र आजही आहे, राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था या नावाने.

खुराकाचं मात्र एक राहिलं. मद्रासच्या अभ्यासाचा काहींनी असा अर्थ लावला की क्षयात आहाराला महत्त्व नाही. अभ्यासाने एवढंच दाखवलं होतं की औषध घेत असेल तर गरीब आहारावरही रोगी बरा होतो. घरातली बाकीची माणसं उपाशी असतील तर काय, हा प्रश्न तसाच होता. त्याचं उत्तर यायला २०२३ उजाडलं. डॉ. अनुराग आणि डॉ. माधवी भार्गव यांनी झारखंडमधल्या २,८०० क्षयरुग्णांच्या कुटुंबांत हा प्रयोग केला. काही घरांत फक्त रुग्णाला शिधा दिला, काही घरांत सगळ्या कुटुंबाला तांदूळ, डाळ आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. ज्या घरांत सगळ्यांना पुरेसं खायला मिळालं, तिथे नव्याने क्षय होण्याचं प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी कमी झालं. तांदूळ आणि डाळ! इतका साधा उपाय आणि तो सिद्ध व्हायला इतकी वर्षं लागली. सरकार आता क्षयरुग्णाला उपचार चालू असेपर्यंत आहारासाठी दरमहा १००० रुपये देतं. ते घ्यायला लाजू नका, आणि ते अन्न एकट्या रोग्याच्या ताटात नको, सगळ्या घराला पोटभर मिळू द्या.

त्या दिवशी मी काय सांगितलं

मद्रासची गोष्ट मी सासूबाईंना थोडक्यात सांगितली. मग म्हटलं, "मावशी, हिला माहेरी पाठवलंत तर तिथे हिच्या गोळ्यांवर कोण लक्ष ठेवणार? आणि लेकरू तर इतके दिवस हिच्याच कुशीत झोपत होतं. आता आधी लेकराची तपासणी करू."

क्षय ताट-वाटीने, कपड्याने किंवा शिवण्याने पसरत नाही. तो खोकल्याबरोबर हवेत जाणाऱ्या थेंबांतून पसरतो. म्हणून भांडी वेगळी ठेवू नका, खिडकी उघडी ठेवा. पहिले काही आठवडे, डॉक्टर सांगतील तोपर्यंत, रोग्याने तोंडावर मास्क किंवा रुमाल ठेवावा आणि शक्य असेल तर हवेशीर जागी थोडं वेगळं झोपावं. घरातल्या प्रत्येकाची तपासणी करून घ्या. पाच वर्षांखालच्या मुलांना क्षय नसला तरी तो होऊ नये म्हणून औषध देतात, ते टाळू नका. जंतू नेहमीच्या औषधांना दाद देत नसतील, तर उपचार वेगळे असतात आणि काळजी जास्त दिवस घ्यावी लागते, तेव्हा आपल्या डॉक्टरांना तसं स्पष्ट विचारा. आणि दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर सिरपची तिसरी बाटली आणण्याआधी बेडका तपासा.

सून माहेरी गेली नाही. नातवाची तपासणी ठीक निघाली, त्याला प्रतिबंधक औषध सुरू केलं. सासूबाईंनी स्वतःहून एक काम अंगावर घेतलं. रोज सकाळी सुनेच्या हातावर गोळ्या ठेवायच्या आणि ती गिळेपर्यंत समोर बसायचं. मधे एकदा सुनेला मळमळ होऊन दोन दिवस गोळ्या चुकल्या, तर ती तक्रार घेऊन माझ्याकडे त्याच आल्या. सहा महिन्यांनी शेवटची तपासणी झाली तेव्हा सुनेचं वजन सात किलोने वाढलं होतं. ताटाचं काय झालं हे मी मुद्दाम विचारलं. सासूबाई थोड्या ओशाळल्या आणि म्हणाल्या, ते कधीच सगळ्यांच्यात मिसळून गेलं, आता कुठलं होतं ते ओळखूही येत नाही.